ऋणाचे पान



व्याख्यानमालांचा एक शिरस्ता आपणां सर्वांच्या परिचयाचा आहे. वक्ता आरंभी चालकांचे दोन वाक्यांत आभार मानतो आणि लगेच मुख्य विषयाकडे वळतो. शेवटी कार्यवाह आभारप्रदर्शनाला उभे राहतात; त्या वेळी निम्मे श्रोते चपला शोधीत असतात आणि उरलेले निम्मे घड्याळाकडे पाहत असतात. आभार हा सभेचा उपचार आहे, तो काही विषय नव्हे, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. आज मी या शिरस्त्याला थोडा फाटा देणार आहे. चालकांनी मला ‘एका ख्रिस्ती प्राध्यापकाची वाटचाल’ असा विषय सुचविला होता. टिपणे काढायला बसलो तेव्हा ध्यानात आले की या वाटचालीत माझ्या स्वतःच्या पायांचा वाटा थोडा आहे. हात देणाऱ्यांचा फार मोठा आहे. तेव्हा चालकांच्या परवानगीने मी विषय किंचित वळवून घेतला. मराठीच्या अभ्यासात आयुष्य वेचलेल्या ख्रिस्ती माणसांनी कोणाकोणाचे ऋण घेतले, ते त्यांनी कोणत्या रीतीने मान्य केले, आणि माझ्यासारख्या एका सामान्य शिक्षकाच्या खात्यावर ते कोणत्या रूपाने मांडलेले आहे, एवढेच मला आज सांगावयाचे आहे.

ऋण हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. आपल्या परंपरेने तो फार प्राचीन काळापासून वापरला आहे. मनुष्य जन्माला येतो तोच तीन ऋणे डोक्यावर घेऊन येतो, असे वैदिक वाङ्मय सांगते. देवांचे ऋण यज्ञाने फिटते, पितरांचे प्रजेने आणि ऋषींचे ऋण अध्ययनाने. यांतील तिसरे ऋण आम्हां शिक्षकांचे. त्यातील मर्म असे की ऋषीचे देणे ऋषीला परत द्यावयाचे नसते. त्याने दिलेली विद्या आपण शिकावयाची आणि पुढच्याला शिकवावयाची, म्हणजे ते फिटते. हे ऋण पुढे पुढे वाहते.

मी ज्या घरात वाढलो त्या घरात आणखी एक गोष्ट सांगितली जाई. ती लूकच्या शुभवर्तमानातली आहे. दहा कुष्ठरोग्यांना येशूने बरे केले. त्यांतला एकच आभार मानायला परत आला आणि तो परका, म्हणजे शोमरोनी होता. लहानपणी मला त्या नऊ जणांचा राग येई. आता वाटते, ते काही दुष्ट नव्हते. वर्षानुवर्षे गावाबाहेर राहिलेली माणसे ती. बरे झाल्याबरोबर त्यांना घरची ओढ लागली असेल. कृतघ्नपणा बहुधा असाच घडतो. त्यात दुष्टावा थोडा असतो, घाई फार असते. या गोष्टीतले मर्म पहिल्यापेक्षा वेगळे आहे. येथे ऋण पुढे नेऊन भागत नाही. मागे वळावे लागते, त्या माणसापुढे उभे राहून बोलावे लागते.

पुढे नेणे आणि मागे वळणे, या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणजे कृतज्ञता पूर्ण होते, असे मला वाटते. मराठी ख्रिस्ती माणसाला ही दोन्ही शिकवणुकी घरबसल्या मिळाल्या आहेत. त्या त्याने किती पाळल्या, हे पाहण्यासाठी त्याच्या पुस्तकांची पहिली पाने उघडावीत.

पहिले पुस्तक विल्यम कॅरी यांचे. हा गृहस्थ मूळचा इंग्लंडातील चांभारकाम करणारा. १७९३ साली तो बंगालात आला आणि १८०१ साली कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात देशी भाषांचा अध्यापक झाला. १८०५ साली त्याने मराठीचे व्याकरण छापले आणि १८१० साली मोडी टाइप वापरून मराठी कोश काढला. महाराष्ट्रात त्याने कधी बिऱ्हाड केले नाही. मग कलकत्त्यात बसून त्याला मराठी कोणी शिकविली? त्याच कॉलेजातील मुख्य मराठी पंडित वैजनाथशास्त्री यांनी. कॅरीने व्याकरणाच्या प्रस्तावनेत त्यांच्या साहाय्याचा नावानिशी उल्लेख केला आहे. आपल्या पदरचा पंडित म्हणजे पगारी माणूस, त्याचे नाव कशाला घ्यावयाचे, असे मानणारे साहेब त्या काळी कमी नव्हते. कॅरीने घेतले, म्हणून आज दोनशेहून अधिक वर्षांनंतर आपल्याला ते नाव ठाऊक आहे आणि मराठीच्या या छापील व्याकरणामागे एका मराठी पंडिताची विद्या उभी आहे, हे ऐतिहासिक सत्य टिकून आहे. त्या दोन ओळी नसत्या तर केवळ सौजन्यात उणेपणा आला असता असे नाही. इतिहासच चुकीचा लिहिला गेला असता.

दुसरे पुस्तक आपल्यापैकी पुष्कळांच्या कपाटात असेल. जेम्स थॉमस मोल्सवर्थ यांचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ साली प्रथम प्रसिद्ध झाला आणि १८५७ साली त्याची सुधारून वाढविलेली दुसरी आवृत्ती निघाली. सुमारे साठ हजार शब्दांचा हा ग्रंथ. मोल्सवर्थ कंपनीच्या सैन्यातला अधिकारी होता. पण धर्मबुद्धी अशी कडक की पुढे सैन्याची नोकरी त्याच्या मनाला पटेना आणि त्याने ती सोडली. आपण बोलताना ‘मोल्सवर्थचा कोश’ असे म्हणतो. वस्तुतः त्याच्याबरोबर जॉर्ज आणि थॉमस कँडी हे बंधू होते आणि शब्द गोळा करणारे, त्यांचे अर्थ पारखणारे शास्त्रीमंडळ होते. जगन्नाथशास्त्री क्रमवंत, दाजीशास्त्री शुक्ल, परशुरामपंत गोडबोले अशा मंडळींचा ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ मोल्सवर्थच्या आधी, १८२९ साली, बाहेर पडला होता. कोशातील एकेका शब्दाला कोकणचा की देशावरचा, बोलण्यातला की पोथीतला, अशी पारख लागते. परभाषिकाने एकट्याने हे काम करणे अशक्य होते.

याच मंडळींच्या हातून झालेले आणखी एक पुस्तक मला फार आवडते, ते त्याच्या मुखपृष्ठासाठी. १८४७ साली इंग्रजी-मराठी कोश निघाला. त्याला आरंभ मोल्सवर्थने केला होता. प्रकृती ढासळल्यामुळे तो विलायतेला परतला आणि थॉमस कँडी यांनी ते काम पुरे केले. मुखपृष्ठावर हे स्पष्ट छापलेले आहे की आरंभ एकाचा आणि पूर्तता दुसऱ्याची. कँडी पुण्याच्या कॉलेजचे प्राचार्य होते, मानाच्या जागी होते. अर्धवट राहिलेल्या कामावर आपलेच नाव घालून मोकळे होणे त्यांना अवघड नव्हते. त्यांनी तसे केले नाही.

तिसरे उदाहरण विसाव्या शतकातले. अमेरिकन मराठी मिशनचे जस्टिन अ‍ॅबट यांनी मिशनच्या कामातून निवृत्त झाल्यावर महाराष्ट्रातील संतकवींची चरित्रे इंग्रजीत आणण्याचे व्रत घेतले. त्या मालेत महिपतीच्या भक्तविजयाचे भाषांतर १९३३ साली पुण्याहून निघाले. अ‍ॅबट त्याच्या आदल्याच वर्षी वारले होते. त्या ग्रंथावर भाषांतरकार म्हणून दोन नावे आहेत, जस्टिन अ‍ॅबट आणि पंडित नरहर गोडबोले. कॅरीच्या काळी पंडिताचे नाव प्रस्तावनेत होते. येथे ते मुखपृष्ठावर आले. प्रस्तावनेतून मुखपृष्ठापर्यंतच्या या प्रवासाला सव्वाशेहून अधिक वर्षे लागली, हेही आपण ध्यानात ठेवू या.

आता विद्यालयातून घराकडे वळतो. कारण विद्येचे पहिले कर्ज आपण घरातच काढतो. पंडिता रमाबाईंचे चरित्र आपणांस ठाऊक आहे. अनंतशास्त्री डोंगरे यांनी पत्नीला संस्कृत शिकविले म्हणून त्यांना लोकनिंदा सोसावी लागली आणि ते गंगामूळच्या रानात जाऊन राहिले. तेथे १८५८ साली रमाबाईंचा जन्म झाला. पुढे वडील थकले; तेव्हा रमाबाईंना शिकविले ते आईने, लक्ष्मीबाईंनी. तीर्थयात्रेच्या पायपिटीत, धर्मशाळांच्या ओट्यांवर हे अध्ययन चालले. १८७४ च्या सुमारास आईवडील दुष्काळात गेले. १८७८ साली कलकत्त्याच्या पंडितांनी ज्या मुलीला ‘सरस्वती’ म्हणून गौरविले, तिच्या विद्येचा उगम असा होता.

रमाबाईंनी १८८३ साली इंग्लंडात बाप्तिस्मा घेतला. १८८७ साली अमेरिकेत त्यांचे उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरचे इंग्रजी पुस्तक निघाले. त्यात त्यांनी हिंदू समाजातील चालीरीतींवर अतिशय कठोर टीका केली आहे. आणि ते पुस्तक त्यांनी अर्पण केले आहे ते आपल्या आईच्या स्मृतीला. आपल्या जीवनाला प्रकाश मिळाला तो तिच्या सहवासातून आणि शिकवणीतून, असे त्यांनी कृतज्ञतेने नमूद केले आहे. ही आई शेवटपर्यंत हिंदू होती. धर्म बदलला म्हणून आईचे ऋण बुडविता येत नाही, आणि आईचे ऋण मानले म्हणून समाजाच्या दोषांवर पांघरूण घालावे लागत नाही, या दोन्ही गोष्टी त्या एका पानात आहेत. त्यांच्या स्वधर्मीयांनी आणि टीकाकारांनीही ते पान पुरेसे वाचले नाही, असे मला नेहमी वाटत आले आहे.

गुरूंच्या बाबतीतही त्यांचे वागणे असेच होते. इंग्लंडात सिस्टर जेराल्डिन यांनी त्यांचा मुलीप्रमाणे सांभाळ केला. रमाबाई त्यांना पत्रांतून ‘आजीबाई’ म्हणत. पण धर्ममतांच्या बाबतीत त्याच पत्रांत त्या आपल्या आजीबाईंशी कडाक्याचा वाद घालतात. मी तुमची उपकृत आहे, पण माझी सदसद्विवेकबुद्धी मी कोणाच्या हाती दिलेली नाही, असा त्या साऱ्या पत्रव्यवहाराचा भाव आहे. उपकाराच्या मोबदल्यात मत मागणाऱ्याला त्यांनी मत दिले नाही आणि मत पटले नाही म्हणून उपकार नाकारलाही नाही. जिचे मिंधेपण होत नाही अशी कृतज्ञता कशी असते, हे पाहावयाचे तर ती पत्रे वाचावीत.

रमाबाईंच्या अखेरच्या वर्षांचे काम म्हणजे मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर. १९२२ साली त्या वारल्या आणि १९२४ साली ते केडगावच्या मुक्ती सदनाच्या छापखान्यातून बाहेर पडले. त्याचे खिळे जुळविणाऱ्या मुली आणि स्त्रिया तेथल्याच होत्या. दुष्काळातून, उपेक्षेतून आलेल्या, ज्यांना कोणी अक्षरओळखही करून दिली नव्हती त्या स्त्रियांनी हा ग्रंथ छापला. आईकडून घेतलेले रमाबाईंनी असे पुढे नेले.

टिळकांच्या घरी हीच कथा वेगळ्या रूपात घडली. नारायण वामन टिळकांनी पत्नीला लिहावाचायला शिकविले. १८९५ साली ते ख्रिस्ती झाले, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आकाश कोसळले. सुमारे पाच वर्षे त्या वेगळ्या राहिल्या. पुढे आपल्या विचाराने त्यांनी १९०० साली तोच धर्म स्वीकारला. टिळक १९१९ साली वारले तेव्हा त्यांचे ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य आरंभीच्या अध्यायांवरच थांबले होते. त्यापुढचे बहुतेक अध्याय लक्ष्मीबाईंनी रचले आणि शेवट त्यांचे चिरंजीव देवदत्त यांनी केला. नवऱ्याने शिकविलेल्या अक्षरांनी बायकोने नवऱ्याचे काव्य पुरे करावे आणि मुलाने त्यावर कळस चढवावा, असा ग्रंथ मराठीत विरळा. देवदत्तांच्याच आग्रहामुळे ‘स्मृतिचित्रे’ लिहिली गेली. टिळकांचे ऋण मानताना लक्ष्मीबाईंनी त्या पुस्तकात टिळकांचा रागीटपणा, त्यांचा विसरभोळेपणा, घरात पैसा नसताना त्यांनी केलेला दानधर्म, यांतले काही झाकले नाही. म्हणूनच त्यांच्या प्रेमावर आपला विश्वास बसतो.

ही थोरांची कथा झाली. आता माझ्या लहानशा खात्याकडे येतो. त्यात नावे येणार नाहीत. ती माझ्या पुस्तकांच्या पानांवर जेथल्या तेथे आहेत. पण ‘सभेत माझे नाव घ्यायचे नाहीस’ असे माझ्या थोरल्या बहिणीने मला बजावले आहे आणि या वयातही तिची आज्ञा मोडण्याचा धीर मला होत नाही.

तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे तालुका हे माझे जन्मस्थान. ज्या नेवाशात १२९० साली ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्याच्याच पंचक्रोशीत. वडील मिशनच्या प्राथमिक शाळेत मास्तर होते. आईला वाचता येई ते गायनाच्या पुस्तकापुरते. तिला सारी गीते पाठ होती. ओळीवर बोट ठेवून ती गाई आणि अशा रीतीने पाठ असलेल्या शब्दांवरून तिने न येणारी अक्षरे ओळखली. पुढे मी विद्यार्थ्यांना ओवीचा छंद शिकवू लागलो तेव्हा आईच्या बोटाची ती गती माझ्या कानांत असे. छंद डोळ्यांनी मोजण्यापूर्वी कानांनी ओळखावा, हे मी कोणत्या ग्रंथातून शिकलो नाही.

सातवीनंतर शिकविण्याइतके पैसे घरी एकापुरतेच होते. ताई माझ्याहून हुशार होती. गणितात तर फारच. तरीही पुढे बोर्डिंगात पाठविले गेले ते मला, कारण मी मुलगा. ताई दोन वर्षे घरी राहिली आणि नंतर मिशनच्या दवाखान्यात नर्सचे काम शिकू लागली. विद्यावेतन मिळू लागल्यापासून दरमहा तिची पंधरा रुपयांची मनीऑर्डर मला येई. फॉर्मच्या खालच्या तुकड्यावर मजकुराला जेमतेम दोन ओळींची जागा असे. तीत ती लिही, ‘पोचल्याचे कळव. जेवत जा.’ हे ऋण मी फेडले, असे मला कधीही म्हणता येणार नाही. एका मुलीच्या वाट्याचे शिक्षण एका मुलाला दिले गेले आणि त्या मुलाची पुढे विद्वान म्हणून गणना झाली, हा हिशेब कोणत्याही मनीऑर्डरीने जुळत नाही. तो जुळवून दाखविण्याचा प्रयत्नही करू नये. तो जसा आहे तसा लिहून ठेवावा, एवढेच माझ्या हाती आहे. ऋषिऋणाच्या न्यायाने मी एक गोष्ट मात्र पाळत आलो. माझ्याकडे मार्गदर्शन मागायला आलेल्या एकाही मुलीला ‘लग्नानंतर जमेल का?’ असे मी विचारले नाही.

दुसरे नाव माझ्या गुरूंचे. बोर्डिंगाजवळ राहणारे ते संस्कृतचे निवृत्त शिक्षक, जुन्या वळणाचे ब्राह्मण. मी ज्ञानेश्वरी वाचू लागलो आहे असे ऐकून त्यांनी मला आपण होऊन बोलाविले आणि तीन वर्षे, एक पैसा न घेता, ओटीवर बसवून ती शिकविली. ‘ग्रंथाला तुमच्या मताचा साक्षीदार करू नका, आधी त्याचे म्हणणे पुरते ऐका,’ हे त्यांचे वाक्य माझ्या साऱ्या अभ्यासाचा पाया आहे. माझ्या वहीवर ते पेन्सिलीने खुणा करीत, शाईने नव्हे. चूक तुम्हांला पटली तरच दुरुस्त करा, असा त्यामागचा भाव असे.

त्याच ओटीवर पहिले काही महिने माझा कप वेगळा असे. तो खिडकीच्या कोनाड्यात पालथा घातलेला असावयाचा; चहा झाल्यावर मीच तो विसळून परत तेथे ठेवावयाचा. आमचे घराणे ख्रिस्ती होण्यापूर्वी कोणत्या जातीचे होते, हे त्या गावात कोणाला सांगावे लागत नसे. मग एक दिवस कोनाडा रिकामा दिसला आणि चहा घरातल्या कपबशीतून आला. काकू काही बोलल्या नाहीत, गुरुजीही नाहीत. पुढे मला विषमज्वर झाला, तेव्हा काकू स्वतः पेजेचा डबा घेऊन बोर्डिंगात येत. मी हा कप विसरावा, असे माझ्या काही हितचिंतकांचे म्हणणे आहे; गुरूंविषयी असे बोलू नये म्हणतात. दुसरे काहीजण म्हणतात, असा कप ठेवणाऱ्याचे ऋण कसले मानता? मला दोन्ही म्हणणी पटत नाहीत. कप वगळून मी ज्ञानेश्वरीचे आभार मानले, तर ती स्तुती होईल, साक्ष होणार नाही. आणि ज्ञानेश्वरी वगळून कप तेवढा सांगितला, तर तो हिशेबात लबाडी करण्याचा प्रकार होईल. शेकडो वर्षांची रूढी एका कुटुंबाने आपल्या ओटीवर, न बोलता, मोडली. तिला किती महिने लागले हे सांगितल्यावाचून ती मोडण्याचे मोल कळणार नाही.

प्राध्यापकाच्या नोकरीसाठी हिंडू लागलो तेव्हा एका ठिकाणच्या मुलाखतीत मला विचारण्यात आले, ‘तुमचा आणि संतवाङ्मयाचा काय संबंध?’ जागा मिळाली नाही. त्याच सुमारास आमच्या मंडळीतील एका वडीलधाऱ्या गृहस्थांनी चिंतेने विचारले, ‘अभंगांत इतकी वर्षे घालवून प्रभूचे काय काम होणार?’ दोन्ही दारांशी उभ्या असलेल्या माणसाची ही स्थिती मराठी ख्रिस्ती अभ्यासकाच्या वाट्याला बहुधा येतेच. अशा वेळी त्याला दोन माणसे भेटावी लागतात. मला ती भेटली. ज्या महाविद्यालयात पुढे मी लागलो, तेथील विभागप्रमुखांनी अनेक वर्षे स्वतः शिकविलेली ज्ञानेश्वरीची तासिका दुसऱ्याच वर्षी माझ्या नावे लावली. स्वतः त्यांनी व्याकरणाचा, कोणालाच नको असलेला भाग घेतला. आणि आमच्या पाळकसाहेबांनी एका रविवारी उपासनेनंतर मला तुकारामावर बोलायला उभे केले. टिळक तुकारामाच्या वाटेनेच ख्रिस्ताकडे आल्याचे सांगत असत, याची त्यांनी मंडळीला आठवण करून दिली. या दोघांची एकमेकांशी ओळखही नव्हती. पण त्यांनी मिळून माझ्या पायाखाली जमीन घातली.

सहकारी म्हटले की आपण प्राध्यापकांचीच नावे घेतो. माझ्या यादीत ग्रंथालयातील एक शिपाई आहेत. त्यांचे शिक्षण चौथीपर्यंतचे. पण कोणती हस्तलिखित पोथी कोणत्या फडक्यात बांधली आहे, हे सूचीत नसले तरी त्यांना ठाऊक असे. माझ्या प्रबंधातील एक सबंध प्रकरण ज्या बाडावर उभे आहे, ते बाड त्यांनी काढून दिले. एक टंकलेखक आहेत. त्यांनी चार कार्बन प्रतींवर पाचशे पाने मराठी टंकयंत्रावर बडविली आणि माझे ऱ्हस्वदीर्घ मला न दुखविता सुधारले. वडिलांच्या आजारात दोन महिने माझे वर्ग घेणारे एक सहाध्यायी आहेत. माझ्या प्रत्येक निष्कर्षाशी त्यांचा मतभेद होता.

आणि माझी पत्नी. ती शाळेत शिकवीत असे. प्रबंधाच्या वर्षांत घर चालले ते तिच्या पगारावर. माझ्या पहिल्या ग्रंथाच्या शेवटी सव्वीस पानांची शब्दसूची आहे. रात्री मुले झोपल्यावर तिने एकेक शब्द कार्डावर लिहिला, कार्डे बुटांच्या रिकाम्या खोक्यांत अकारविल्हे लावली. परीक्षणकारांनी सूचीची स्तुती करून तिचे श्रेय मला दिले, तेव्हा दुसऱ्या आवृत्तीत सूचीच्या माथ्यावर मी तिचे नाव छापविले. प्रकाशक म्हणाले, असा प्रघात नाही. मी म्हटले, कँडीसाहेबांनी १८४७ साली पाडलेला प्रघात आहे.

यावर एक आक्षेप येईल, तो मीच मांडतो. सारेच दुसऱ्यांचे, तर तुमचे काय राहिले? कर्तृत्व असे वाटून टाकले तर माणसाला स्वतःविषयी काही आदर उरेल काय? माझा अनुभव उलट आहे. आपले नेमके किती, हे ज्याला ठाऊक असते तोच त्या तेवढ्याविषयी निःशंकपणे बोलू शकतो. मोल्सवर्थने शब्दांच्या छटांची जी इंग्रजीत उकल केली, ती त्याचीच. शास्त्र्यांचे नाव घेतल्याने ती उणी झाली नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या उपकाराच्या ओझ्याखाली ठेवले, त्यांना पुन्हा कृतज्ञतेचा उपदेश कशाला? हा आक्षेप मी मान्य करतो. शाळा, दवाखाना, नोकरी हे माणसाचे हक्क आहेत. त्यांच्यासाठी कोणाचे पाय धरावयाचे नाहीत. मी बोलतो आहे ते हक्काच्या पलीकडच्या देण्याविषयी. माझी तासिका मागण्याचा मला हक्क नव्हता. ती कोणी दिली. काकूंचा डबा कोणत्या नियमात बसत नव्हता.

येथे काही तरुण अभ्यासक बसलेले दिसतात. त्यांना दोन सूचना करतो. प्रबंधाच्या आरंभीचे ऋणनिर्देशाचे पान शेवटच्या रात्री घाईने लिहिण्याचा प्रघात आहे. त्यामुळे त्यात कुलगुरूंपासून विभागप्रमुखांपर्यंतची पदे तेवढी येतात, माणसे येत नाहीत. ते पान पहिल्या दिवसापासून लिहावे. ज्या दिवशी कोणी पुस्तक दिले, शंका फेडली, चूक दाखविली, त्या दिवशी नाव आणि काम दोन्ही टिपून ठेवावीत. ‘ज्ञात-अज्ञात सर्वांचे आभार’ हे वाक्य शक्य तर लिहू नये. अज्ञात म्हणून ज्यांना आपण लोटतो त्यांतले पुष्कळसे आपल्याला चांगले ज्ञात असतात. दुसरी सूचना अशी की ते पान छापण्याची वाट न पाहता त्या माणसाला ते वाचून दाखवावे. माझे गुरुजी माझा ग्रंथ छापून येण्यापूर्वी दीड वर्ष वारले. पण ते पान मी त्यांना हस्तलिखितात वाचून दाखविले होते. कपाचा मजकूर आला तेव्हा ते क्षणभर थांबले आणि म्हणाले, ‘राहू द्या ते. खरे आहे.’ मग पेन्सिल घेऊन त्यांनी त्यातली शुद्धलेखनाची एक चूक सुधारली.

ख्रिस्ती माणूस सारे काही अखेरीस देवाकडून आले असे मानतो आणि मीही ते मानतो. पण देवाचे आभार मानले म्हणजे माणसांचे आभार मानण्यातून सुटका होते, असे मात्र मला कोठे वाचल्याचे आठवत नाही. देवाने दिले ते कोणाच्या तरी हातून दिले. ते हात खरबरीत होते, शाईने भरलेले होते, दवाखान्यातल्या औषधाचा वास येणारे होते. त्या हातांची नोंद ठेवणे हे अभ्यासकाचे काम आहे, कारण खऱ्याची नोंद ठेवणे हाच त्याचा धंदा आहे.

आता कार्यवाह आभारप्रदर्शनाला उभे राहतील. या मांडवात खुर्च्या लावणारे, ध्वनिक्षेपकापाशी बसलेले, दारावर पाणी देणारे अशा सर्वांची नावे ते घेणार आहेत, असे त्यांनी मला मघाशी सांगितले. आपण कृपा करून ती बसून ऐकावीत, एवढी विनंती करतो आणि आपली रजा घेतो.